दहावीतल्या मुलीने उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा ऑनलाइन कॉलेज कोर्स घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अमेरिकेत हायस्कूलच्या दहावीत आहे आणि गणितात चांगली आहे. शाळेच्या काउन्सेलरने सुचवलंय की येत्या उन्हाळ्यात तिने कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक कॉलेजचा) आठ आठवड्यांचा ऑनलाइन प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलसच्या आधीचा गणिताचा कोर्स, करावा, अकरावीच्या पहिल्या आठ आठवड्यांत कॅल्क्युलस आणि इंग्लिश कॉम्पोझिशन एकत्र घ्यावेत, आणि असं करत बारावी संपताना हायस्कूल डिप्लोम्याबरोबर असोसिएट डिग्री, म्हणजे कॉलेजची दोन वर्षांची पदवीही मिळवावी. फी शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा, भरणार आहे. ओळखीतली दोन-तीन मुलं हेच करतायत. यात खोट कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. उन्हाळ्यातला तो प्रीकॅल्क्युलस घेऊ देऊ नका. अकरावीत एखादा विषय पूर्ण सेमिस्टरचा, कॉलेजात जाऊन, वर्गात बसून घेणार असेल तर खुशाल घेऊ द्या. असोसिएट डिग्रीचा विचार मात्र सोडा, निदान तिला इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे जायचं असेल तर नक्कीच.

मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजात बरीच वर्षं गणित शिकवते. दर सेमिस्टरला माझ्या वर्गात हायस्कूलची मुलं असतात, आणि त्यातली काही इतकी तयारीची असतात की प्रश्न विचारून तीच वर्ग पुढे नेतात. त्यामुळे लवकर कॉलेजचा अभ्यास करण्याला माझा विरोध नाही. माझी हरकत आहे ती वेग आणि स्क्रीन या दोन गोष्टी एकत्र येण्याला. एकेकटी असली तर निभावून नेता येते. दोन्ही एकदम आल्या की मूल नेमकं कुठे अडलंय ते मुलाला कळत नाही, तुम्हाला कळत नाही आणि मलाही कळत नाही. कळतं ते पुढच्या कोर्सला, आणि तोवर आधीच्या कोर्सची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, पक्की झालेली असते.

ही सोय मुळात कोणासाठी होती ते बघा. एपी, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, ही शाळेतच कॉलेजच्या पातळीचं शिकवून परीक्षा घेणारी योजना १९५५ पासून कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते. शाळेतलं शिकून झालंय आणि पुढचं खुणावतंय अशा थोड्या मुलांसाठी ती काढली होती. हायस्कूलच्या मुलांना थेट कॉलेजात बसू देणारी राज्यव्यापी योजना मिनेसोटाने १९८५ मध्ये आणली, वॉशिंग्टन राज्याच्या रनिंग स्टार्ट या तशाच योजनेचा कायदा १९९० चा. कल्पना अशी होती की मूल कॉलेजच्या आवारात जाईल, वयाने मोठ्या विद्यार्थ्यांशेजारी बसेल आणि अख्खं सेमिस्टर शिकेल. २०२२-२३ या वर्षात सुमारे २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी निदान एक तरी ड्युअल एन्रोलमेंट कोर्स, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचा कोर्स, घेतला. कम्युनिटी कॉलेजांत दर पाच विद्यार्थ्यांमागे एक जण आज हायस्कूलचा आहे. त्यातले बरेचसे कोर्स शाळेतच, शाळेचेच शिक्षक शिकवतात, नाहीतर ऑनलाइन होतात.

या वाढीमागे पैशाचंही कारण आहे. २०१० नंतर कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या घसरत गेली आणि ती पोकळी बरीचशी या मुलांनी भरून काढली. शाळेलाही ‘आमची इतकी मुलं कॉलेज क्रेडिट घेऊन बाहेर पडली’ असं सांगता येतं. काउन्सेलर तुम्हाला फसवतोय असं मला अजिबात म्हणायचं नाही. एकेका काउन्सेलरवर शेकडो मुलांचा भार असतो. पण ‘ही मुलगी, हा विषय, या वेगाने झेपेल का’ हे विचारायची घाई या साखळीत कोणालाच नाही. तो प्रश्न तुम्हालाच विचारावा लागणार.

आता तासांचा हिशोब करू. फेडरल नियमाप्रमाणे एक क्रेडिट (पदवीसाठी कोर्स मोजायचं एकक) म्हणजे सुमारे १५ आठवडे, दर आठवड्याला एक तास वर्ग आणि किमान दोन तास बाहेरचा अभ्यास. प्रीकॅल्क्युलस ४ क्रेडिटचा धरला तर आठवड्याला १२ तास, एकूण १८० तास. तेच १८० तास आठ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला साडेबावीस तास होतात. पाच आठवड्यांचा कोर्स असेल तर ३६. उन्हाळ्यात शाळा नसते, म्हणून एक वेळ जमेल म्हणा. पण अकरावीत ४ क्रेडिटचा कॅल्क्युलस आणि ३ क्रेडिटचं कॉम्पोझिशन आठ आठवड्यांत एकत्र म्हणजे आठवड्याला जवळजवळ ४० तास, आणि तेही शाळा, शाळेचा गृहपाठ आणि बाकीचे उद्योग सांभाळून. कुठलंही मूल हे तास देत नाही, देऊ शकत नाही. मग तास कुठून तरी कापले जातात. कधी शिकवणारा धडे गाळतो, कधी मूल व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतं, आणि बहुतेक वेळा गृहपाठ ‘उरकला’ जातो.

समजा तास दिलेच. तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. गणित डोक्यात मुरायला मध्ये दिवस जावे लागतात. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विसरण्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे: तेवढाच सराव एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवस पाडून केला तर जास्त काळ टिकतो. थोडं विसरायचं, मग ताण देऊन आठवायचं, यातूनच ते पक्कं होतं. पंधरा आठवड्यांच्या वर्गात लॉगरिदम सहाव्या आठवड्यात शिकवला की मी नवव्या आठवड्यात तो मुद्दाम एका गणितात परत आणते. निम्म्या वर्गाला आठवत नाही. मग आम्ही पुन्हा करतो, आणि या दुसऱ्या खेपेला तो खरा कळतो. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ही दुसरी खेप व्हायला जागाच नसते. लॉगरिदमला दोन दिवस, मग त्रिकोणमिती, मग परीक्षा. परीक्षेत मार्क चांगले पडतात, कारण विसरायला अजून वेळच गेलेला नसतो. ती ग्रेड खोटी नसते, पण सप्टेंबरात त्यातलं किती उरेल याबद्दल ती काहीच सांगत नाही.

एक उदाहरण जवळून दाखवते. कॅल्क्युलसच्या सुरुवातीच्या आठवड्यांतली ही गोष्ट. प्रीकॅल्क्युलस ऑनलाइन करून आलेली एक अकरावीची मुलगी ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या माझ्या ठरलेल्या वेळेत, आली. आधीच्या कोर्सला तिला ए होता, गृहपाठाचे मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी. १/क्ष चं डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचं होतं. नियम तिला पाठ होता, उत्तर काय येणार हे तिने आधीच सांगितलं. मी म्हटलं, फळ्यावर काढून दाखव. तिने पहिली ओळ बरोबर लिहिली: १/(क्ष + ह) − १/क्ष. आणि दुसऱ्या ओळीत थेट लिहिलं, १/ह.

मी चूक सांगितली नाही. क्ष ला २ घाल आणि ह ला १, एवढंच म्हटलं. तिने १/३ − १/२ लिहिलं आणि थांबली. बराच वेळ थांबली. मग सहाचा छेद घेतला, उत्तर काढलं, वजा १/६. शेजारी तिच्या दुसऱ्या ओळीतलं १/ह म्हणजे १/१, म्हणजे १. दोन्हींकडे बघून ती म्हणाली, “म्हणजे अपूर्णांकांची वजाबाकीच चुकली माझी.” मग तिने तिची तिनेच पुढचं सोडवलं. समान छेद क्ष(क्ष + ह), वर उरला वजा ह, व्याख्येप्रमाणे ह ने भागताना तो ह उडाला, आणि जे उत्तर ती पाठ म्हणून सांगत होती ते पहिल्यांदा तिच्या हातून निघालं.

मुलगी हुशार होती, कष्टाळूही होती. मग पाचवी-सहावीतली अपूर्णांकांची कच्ची बाजू प्रीकॅल्क्युलसच्या अख्ख्या कोर्समध्ये कोणाच्याच नजरेला का पडली नाही? कारण गृहपाठाची प्रणाली फक्त शेवटच्या चौकटीतलं उत्तर तपासते. गणित येतं, उत्तर टाइप करायचं, चुकलं तर अजून दोन संधी. मग शेजारी बटण असतं, असंच एक उदाहरण सोडवून दाखवा म्हणून. ते दाबलं की तेच गणित वेगळ्या आकड्यांनी, पायरी पायरीने उलगडतं. मूल पायऱ्यांचा साचा बघतं, आपले आकडे त्यात बसवतं, हिरवी खूण येते. हे फसवणं नव्हे, प्रणालीनेच दिलेली मदत आहे ती. पण अशा रीतीने मूल शंभर गणितं बरोबर सोडवतं आणि दुसऱ्या ओळीला काय लिहायचं हा निर्णय एकदाही स्वतः घेत नाही. कागदावर सोडवलेलं मी तपासते तेव्हा माझी नजर दुसऱ्या ओळीवरच असते. शेवटचं उत्तर मी कित्येकदा बघतही नाही.

यात फोनवर फोटो काढून गणित सोडवणारी ॲप्स धरलेली नाहीत. फोटोमॅथसारखी ॲप्स बरीच वर्षं आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि गणितच काय, निबंध, प्रयोगाचा अहवाल, डिस्कशन बोर्डवरची पोस्ट, सगळंच घरबसल्या तयार मिळू लागलं. मला हे स्पष्ट सांगायचंय: घरून दिल्या जाणाऱ्या गृहपाठाच्या मार्कांवरून आज मूल काय शिकलं हे ठरवता येत नाही, आणि ऑनलाइन कोर्समध्ये ग्रेडचा मोठा भाग त्या मार्कांचाच असतो. कोणी म्हणेल, लबाडी पकडणारी सॉफ्टवेअर आहेत की. मजकूर यंत्राने लिहिलाय का हे ओळखणारं, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये कंपनीनेच मागे घेतलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच ओळखता येत नसेल तर एखाद्या प्रामाणिक मुलीवर विनाकारण आळ यायची भीतीही तेवढीच आहे. असा आळ आलेली मुलं माझ्याकडे रडत आलेली आहेत, आणि सोळाव्या वर्षी स्वतःच्या बाजूने कसं उभं राहायचं हे त्यांना माहीत नसतं.

परीक्षांचंही तसंच. एक तर परीक्षेवर देखरेख नसते, मग त्या ग्रेडला फारसा अर्थ राहत नाही. किंवा मुलाच्या लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून, खोलीभर फिरवून दाखवायला लावून परीक्षा घेतात. क्लीव्हलंड स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या बाबतीत ऑगस्ट २०२२ मध्ये फेडरल न्यायालयाने अशी खोलीची झडती घटनाबाह्य ठरवली. तुमची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची आहे. तिच्या झोपायच्या खोलीत कोण बघतंय आणि ते चित्रण कुठे साठतंय, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ऑनलाइन कोर्स घ्यायचाच असेल तर माझी पहिली अट ही असते की शेवटची परीक्षा कॉलेजात जाऊन, कागदावर, माणसासमोर असावी. काही कॉलेजं अजून असं करतात.

यंत्र प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने शिकवेल हे आश्वासन नवं नाही. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी शिकवणारं यंत्र बनवलं होतं: छोटे छोटे टप्पे, लगेच बरोबर-चूक. आजच्या गृहपाठ प्रणालीचा सांगाडा तोच आहे. २०१३ मध्ये सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी या ऑनलाइन कोर्सच्या कंपनीबरोबर गणिताचे आणि संख्याशास्त्राचे तीन प्राथमिक कोर्स पूर्ण ऑनलाइन देऊन पाहिले. त्यात हायस्कूलची मुलंही होती. पास होणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या वर्गापेक्षा इतकं खाली आलं की पुढच्या सत्रासाठी उपक्रम थांबवला. मधल्या उन्हाळ्यातल्या फेरीत निकाल सुधारला होता, पण त्या फेरीत बसलेल्यांत आधीच पदवी असलेले लोक पुष्कळ होते. मला ही दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. ज्याला कसं शिकायचं हे आधीच कळलंय, त्याला ऑनलाइन कोर्स छान उपयोगी पडतो. हायस्कूलचं मूल अजून तेच शिकत असतं.

तंत्रज्ञान टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या ॲपवर स्लायडर सरकवून पॅराबोला कसा हलतो हे दोन मिनिटांत दिसतं, ते मला फळ्यावर दाखवता येत नाही. ज्या गावातल्या शाळेत फिजिक्सचा शिक्षकच नाही तिथल्या मुलीला ऑनलाइन कोर्स हाच एक रस्ता असतो, आणि आजारपणामुळे घरी असलेल्या मुलालाही. जिथे दुसरा पर्याय नाही तिथे मी हाच मार्ग सुचवते. तुमच्या मुलीच्या शाळेत प्रीकॅल्क्युलस वर्षभर शिकवला जातो, तोही शिक्षकासमोर. फरक तिथे पडतो.

इंग्लिश कॉम्पोझिशन माझा विषय नाही, त्यामुळे थोडंच बोलते. लिहिणं शिकायचं ते पुन्हा लिहून, आणि आठ आठवड्यांत पुन्हा लिहायला दिवस नसतात. एक निबंध तपासून येतो तेव्हा दुसरा द्यायची तारीख झालेली असते. ‘एक पोस्ट लिहा, दोघांना उत्तर द्या’ हा आठवड्याचा रिवाज वर्गातल्या चर्चेची जागा घेऊ शकत नाही. आधीच मुलांची लांब मजकूर वाचायची सवय कमी होतेय. २०२४ पासून अमेरिकेत एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा पूर्ण डिजिटल झाली, तिच्यात वाचायचा उतारा २५ ते १५० शब्दांचा असतो आणि त्यावर एकच प्रश्न. शाळेतला अकरावीचा इंग्लिशचा वर्ग, जिथे एक कादंबरी महिनाभर चालते, तो सोडून हे घ्यावं असं मला वाटत नाही.

आता ट्रान्सक्रिप्ट. याबद्दल पालकांना जवळजवळ कोणीच सांगत नाही. ड्युअल एन्रोलमेंटची ग्रेड ही खरी कॉलेज ग्रेड असते आणि ती कायमची असते. मुलगी पुढे मेडिकलला गेली तर एएमकॅसच्या (मेडिकल स्कूलच्या सामाईक) अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेला प्रत्येक कॉलेज कोर्स दाखवावाच लागतो आणि तो जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरला जातो. लॉ स्कूलच्या अर्जांसाठी एलसॅक ही संस्थाही तेच करते. म्हणजे सोळाव्या वर्षीच्या उन्हाळ्यातला सी बाविसाव्या वर्षी समोर येतो. कोर्स मध्येच सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडला) लागतो, आणि तोही तसाच राहतो. एका सेमिस्टरमध्ये दोन-तीन डब्ल्यू झाले तर पुढे त्याच कॉलेजात फेडरल आर्थिक मदत मिळवताना अडचण येऊ शकते, कारण घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केली याचं प्रमाण तिथे तपासलं जातं.

शिवाय कोर्स सोडायची अंतिम तारीख छोट्या कोर्समध्ये फार लवकर येते. पहिल्या परीक्षेचा निकाल तिसऱ्या आठवड्यात हातात येतो, मूल म्हणतं पुढच्या वेळी भरून काढते, आणि तोवर मुदत संपत आलेली असते. तुम्हाला हे वेळेत कळेलच असंही नाही. फर्पा या १९७४ च्या कायद्यानुसार मूल कॉलेजात दाखल झालं की तिथल्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, वय कितीही असो. मूल तुमच्या टॅक्स रिटर्नवर अवलंबित म्हणून दाखवलेलं असेल तर कॉलेज तुम्हाला सांगू शकतं, पण सांगायलाच हवं असं नाही. शाळेच्या पोर्टलवर रोज मार्क बघायची सवय असलेल्या पालकांना हा मोठा धक्का असतो. मला आई-वडिलांचे फोन येतात आणि मुलीच्या लेखी परवानगीशिवाय मी काहीही बोलू शकत नाही.

असोसिएट डिग्रीमुळे दोन वर्षं वाचतात हे इंजिनिअरिंगच्या बाबतीत सहसा खरं ठरत नाही. तिथे लांबी ठरते ती साखळीने: कॅल्क्युलस एक, मग दोन, मग तीन, डिफरन्शियल इक्वेशन्स, त्यांच्या जोडीने फिजिक्स, आणि मग विभागाचे स्वतःचे कोर्स, तेही एकावर एक उभे. इतिहास, मानसशास्त्र, कम्युनिकेशनची क्रेडिट भरपूर असली तरी ही साखळी एका सेमिस्टरनेही आखूड होत नाही. मूल क्रेडिटने तिसऱ्या वर्षात आणि गणिताने पहिल्या वर्षात असतं. वर ‘क्रेडिट ट्रान्सफर होतात’ या वाक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. विद्यापीठ क्रेडिट स्वीकारतं, पण कशाच्या बदली? पुष्कळदा ती ‘इलेक्टिव्ह’ म्हणून जमा होतात आणि हवा तो कोर्स पुन्हा करावाच लागतो. फ्लोरिडासारख्या राज्यात सरकारी कॉलेजांचे कोर्स क्रमांक राज्यभर एक आहेत, तिथे राज्यातल्या राज्यात हे बरंच सुरळीत चालतं. पण अनेक नामांकित खासगी विद्यापीठं हायस्कूल डिप्लोम्यासाठी मोजलेली क्रेडिट मुळीच धरत नाहीत.

फी वाचते हे मी हलक्यात घेत नाही. घरात कॉलेजला जाणारं पहिलंच मूल असेल, किंवा नर्सिंग असिस्टंट, वेल्डिंग असा कोर्स हायस्कूलबरोबरच पुरा करून कामाला लागायचं असेल, तर ड्युअल एन्रोलमेंटने मुलांचं भलं झालेलं मी बघितलंय. न्यूयॉर्कमधल्या बार्ड हायस्कूल अर्ली कॉलेजसारख्या शाळा २००१ पासून हेच काम करतात, पण तिथे मुलं रोज छोट्या वर्गात प्राध्यापकांसमोर बसतात. म्हणजे तिथे अभ्यास लवकर सुरू होतो, घाईने होत नाही.

म्हणूनच गणितासाठी मी एपी कॅल्क्युलसकडे बोट दाखवते. एपी कॅल्क्युलस एबी म्हणजे कॉलेजच्या साधारण एका सेमिस्टरचा मजकूर शाळेच्या पूर्ण वर्षात, रोजच्या तासाला. लोक याला ‘ॲडव्हान्स्ड’ म्हणतात, पण गती कॉलेजपेक्षा संथ असते, आणि मला त्याचं हेच आवडतं. परीक्षा मेमध्ये, बाहेरचे लोक तपासतात, १ ते ५ गुण. बहुतेक एपी परीक्षा २०२५ पासून डिजिटल झाल्या, तरी कॅल्क्युलसची मोठी उत्तरं अजून हातानेच कागदावर लिहावी लागतात. गुण कमी आले तर ते विद्यापीठाला पाठवायची सक्ती सहसा नसते, कायमच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर डाग पडत नाही. आणि कॅल्क्युलस बारावीआधी झालाच पाहिजे असंही नाही. अमेरिकेतल्या गणित शिक्षकांच्या दोन मोठ्या संघटनांनी, एमएए आणि एनसीटीएमने, २०१२ मध्ये एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की शालेय गणिताचं ध्येय बारावीपर्यंत कॅल्क्युलस उरकणं हे नसावं. कॉलेजात मुलाला जो अभ्यासक्रम घ्यावासा वाटेल त्यासाठी गणिताचा पाया पक्का असणं हे असावं. आपल्या मराठी घरांमध्ये कोणाच्या मुलाची किती क्रेडिट झाली ही चर्चा फार होते. त्या दडपणाखाली मुलांना आपण मागे पडलो असं वाटायला लागतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमची मुलगी मागे नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. या उन्हाळ्यात कोर्स नाही. अकरावीत शाळेतच वर्षभर प्रीकॅल्क्युलस. त्याच वर्षी शाळेत जो विषय मिळत नाही असा एखादा, संख्याशास्त्र किंवा एखादी भाषा, कॉलेजच्या आवारात पूर्ण सेमिस्टर. कॉलेजचं वातावरण, प्राध्यापकाला स्वतः जाऊन भेटणं, सिलॅबस वाचून तारखा सांभाळणं, हे तिथे ती शिकेल. बारावीत एपी कॅल्क्युलस.

तत्पूर्वी घरी एक करून बघा. तुम्हाला स्वतःला गणित येत नसलं तरी चालेल. फोन आणि लॅपटॉप बाजूला ठेवून तिला अल्जिब्राचं, महिन्यापूर्वी झालेलं एखादं गणित कोऱ्या कागदावर सोडवायला सांगा आणि प्रत्येक ओळीला ‘हे असं का’ एवढंच विचारा. रागावू नका, घाई करू नका. ती आपल्या शब्दांत कारण सांगत गेली तर पाया ठीक आहे. ‘तसंच करायचं असतं’ म्हणाली की तिथे पेन्सिलने खूण करा. अशा खुणा दोन-चार निघाल्या तर उन्हाळ्यात त्यांच्यावरच काम करायचं, रोज अर्धा तास पुरे.

तरीही तिने कॉलेजचा कोर्स घ्यायचं ठरवलं, तर नाव नोंदवण्याआधी कॉलेजला विचारा: शिकवणारा ठरावीक वेळी समोर येतो की फक्त रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत, ग्रेडमध्ये देखरेखीखालच्या परीक्षांचा वाटा किती, कागदावरचं काम कोणी तपासतं का. आणि जिथे पुढे शिकायचंय त्या एक-दोन विद्यापीठांना विचारा की हा कोर्स कशाच्या बदली धरला जाईल. उत्तर ईमेलवर घ्या. नाव आधीच नोंदवलं असेल तर आजच कॉलेजच्या रजिस्ट्रारकडे दोन तारखा विचारा: ट्रान्सक्रिप्टवर काहीही न लागता कोर्स सोडायची शेवटची तारीख, आणि डब्ल्यू घेऊन सोडायची शेवटची तारीख. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये पहिली तारीख बहुधा पहिल्याच आठवड्यात असते.